माधवाची श्रेणी आणि पायचे मूल्य
वर्तुळ लहान असो वा मोठे, त्याच्या परिघाला व्यासाने भागले असता एकच संख्या येते, आणि तिलाच पाय म्हणतात. शंभरात चार मिळवून आठाने गुणावे व त्यात ६२,००० मिळवावे, म्हणजे २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ मिळतो, असा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दिला; त्यातून ३.१४१६ हे मूल्य निघते, आणि ते केवळ आसन्न, म्हणजे जवळपासचे आहे, ही त्याने तिथेच दिलेली कबुली मूल्याइतकीच मोलाची मानावी लागते. पुढे केरळमधील संगमग्रामच्या माधवाने (सुमारे १३४०–१४२५) वेगळीच वाट धरली. एकातून एक-तृतीयांश वजा करावा, एक-पंचमांश मिळवावा, एक-सप्तमांश वजा करावा, असे अखंड चालू ठेवल्यास उत्तर पायच्या चतुर्थांशाकडे सरकत जाते. अशा न संपणाऱ्या बेरजेला अनंत श्रेणी म्हणतात, आणि युरोपात माधवाची हीच श्रेणी सतराव्या शतकात गणितज्ञ लायब्निझच्या नावाने रूढ झाली. ही श्रेणी दिसायला देखणी असली तरी कमालीची संथ आहे, कारण हजार पदे घेऊनही पायच्या मूल्यात सुमारे एक सहस्रांशाची चूक उरते. म्हणून माधवाच्या परंपरेने बेरीज जिथे थांबवायची तिथे जोडावयाचे दुरुस्तीचे पद शोधून काढले. माधवाच्या नावावर असलेले मूल्य ३.१४१५९२६५३५९ इतके सूक्ष्म आहे.