कूलरच्या खोलीतला मॉन्स्टेरा

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये महागामोलाने आणलेल्या मॉन्स्टेराची पानं कडेने करपू लागतात. मग घरात एकमत होतं, 'आपली हवा याला मानवतच नाही.' हे अर्धंच खरं. उन्हाळ्यात पानं बिघडतात. झाड दगावतं ते बहुधा कुंडीत साचलेल्या पाण्याने.

मॉन्स्टेरा हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतला वेल. बुंध्याला मुळं चिकटवत तो वर चढतो, त्यामुळे त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपण मात्र त्याला काळ्या मातीत लावतो. कपाशीला मानवणारी ही माती कुंडीत भिजली की चिकट गोळा होते आणि मुळं गुदमरून कुजतात. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, परलाइट आणि थोडं गांडूळखत असं भुसभुशीत मिश्रण घ्यावं. 'दिवसाआड पाणी' हा नियमही सोडावा. दोन पेरं बोट आत घालावं. ओल लागली तर पाणी नको.

पाणी कोणतं, हा आपल्याकडे नाजूक विषय. नळाला कितीतरी दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात आरओचं टाकाऊ पाणी कुंडीत ओतणं शहाणपणाचं वाटतं. पण गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांची तपकिरी टोकं ही त्याची खूण. ते पाणी फरशीला वापरावं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते बादलीत धरावं. पावसाचं तर उत्तमच.

पानांवर फवारा मारल्याने दमटपणा वाढतो, पण काही मिनिटांपुरता. खरा उपयोग आपल्या वाळ्याच्या कूलरचा! तो खोलीतली हवा तासन्‌तास ओलसर ठेवतो. फक्त त्याचा झोत थेट पानांवर नको.

पानांना छिद्रं पडत नाहीत म्हणून खत वाढवणारे पुष्कळ. कोवळ्या वेलाची पानं अखंडच असतात. भरपूर उजेड आणि चढायला काथ्याचा खांब मिळाला की वय वाढेल तशी छिद्रं येतात. हवेत लोंबणारी मुळं कापू नयेत, ती खांबाकडे वळवावीत. 'इनडोअर' म्हणजे अंधारात चालणारं झाड नव्हे. पूर्वेच्या खिडकीजवळची जागा सोफ्यामागच्या कोपऱ्यापेक्षा कधीही बरी.

दुर्मीळ म्हणून विकलं जाणारं सगळं दुर्मीळ नसतं. 'मॉन्स्टेरा ऑब्लिका' म्हणून मिळणारं रोप बहुतेकदा साधं अ‍ॅडान्सोनी असतं. 'पिंक काँगो' फिलोडेंड्रॉनचा गुलाबी रंग रसायनाने आणलेला असतो, काही महिन्यांत नवी पानं हिरवी येतात. घरातल्या झाडांनी हवा शुद्ध होते, या दाव्यामागे नासाचा 1989चा अभ्यास आहे, पण तो बंद पेटीत झाला होता. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला घराचं रान करावं लागेल.

आणि हे सगळं परदेशीच, असंही नाही. मॉन्स्टेरासारखीच छिद्रांची पानं असलेला गणेशकांदा आपल्या सह्याद्रीत झाडांवर चढलेला दिसतो. दोघेही अळूच्या कुळातले. त्यामुळे अळूसारखेच खाजरे स्फटिक यांच्या पानांतही असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.