घर एक, हवा तीन : यंत्र घेण्याआधी हिशेब करा

तुंगार्लीत डोंगराच्या बाजूला असलेले एखादे दुमजली घर डोळ्यांपुढे आणा. खाली पुढे कापडाचे दुकान, मागे मालाची खोली, वर कुटुंबाचे राहणे आणि गच्चीवर पत्रा टाकून शिवणकामाचा कारखाना. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कारागिराचा हात चालत नाही. त्याच वेळी खालच्या मालखोलीत बरे वाटते. जुलैत सारे उलटते. वर हवा खेळती असते, तर खाली मालखोलीच्या भिंतीला ओल सुटते आणि ताग्यांना कुबट वास येतो. डिसेंबरच्या रात्री वयस्कर मंडळींच्या खोलीत थंडी वाजते.

अशा वेळी घरमालक काय करतो? मोठ्या टनाचे एक यंत्र घेतो, मधल्या खोलीत बसवतो आणि दरवाजे उघडे ठेवतो. मधली खोली गारठते, वरचा कारखाना तसाच तापतो आणि बिल मात्र साऱ्या घराचे येते. तीन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध चालत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

फरक कशामुळे पडतो?

गरम हवा वर चढते. पत्रा आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात. पत्रा लगेच तापतो, तर स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर ऊन लागते. डोंगराकडच्या खोलीला ना ऊन, ना वारा. त्यात कामाची उष्णता वेगळी. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. १००० वॉटची इस्त्री तापत असेल तर खोलीत आणखी दहा माणसे बसल्यासारखेच झाले.

विभागवार पद्धत म्हणजे काय?

घराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचे नियंत्रण वेगळे ठेवायचे. परदेशात बऱ्याच घरांत एकच मोठे यंत्र असते आणि हवा नळातून खोल्याखोल्यांत जाते. तिथे नळात झडपा बसवतात आणि प्रत्येक विभागाला आपला थर्मोस्टॅट देतात. आपल्या घरांत असे नळ सहसा नसतात. म्हणून आपल्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, गरजेच्या प्रत्येक खोलीला लहान, स्वतंत्र स्प्लिट यंत्र. दुसरा, बाहेर एक यंत्र आणि आत दोन-तीन, म्हणजे मल्टी-स्प्लिट. दुसऱ्यात बाहेरची जागा वाचते, पण बाहेरचे यंत्र बिघडले की सगळे विभाग बंद पडतात. धंद्याच्या जागेसाठी हा धोका लक्षात ठेवावा.

यंत्र मोठे तेवढे चांगले, हा गैरसमज आहे. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता ओढण्याची ताकद. खोलीच्या मानाने यंत्र मोठे असले तर ते पटकन गार करून थांबते आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. लोणावळ्यासारख्या पावसाच्या ठिकाणी गार पण दमट खोली त्रासाचीच.

मालाची खोली : थंडी नको, कोरडेपणा हवा

वातानुकूलनाचा इतिहास आपल्या धंद्याशी जोडलेला आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. तिथे दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी दिला. ते अमेरिकेतील कापड गिरण्यांचे अभियंता होते. म्हणजे सुरुवातीची काळजी मालाची होती, माणसाच्या आरामाची नंतर.

व्यापारात कापसाच्या कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरण्याची रीत आहे. पॉलिएस्टरला फक्त ०.४ टक्के. सुती माल हवेतले पाणी किती घेतो, हे यावरून कळावे. आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. म्हणून मालखोलीला हवा कोरडी करणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, लावावे आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवावी. दार-खिडकी बंद हवी, नाहीतर बाहेरचा पावसाळाच कोरडा करत बसावे लागेल. गठ्ठे भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून फळीवर ठेवावेत.

कारखाना आणि झोपण्याची खोली

पत्र्याखाली यंत्र लावण्याआधी पत्र्याला पांढरा रंग द्यावा, खाली छत बसवावे आणि इस्त्रीजवळ एक्झॉस्ट पंखा लावावा. उष्णता आत येऊच दिली नाही, तर ती काढण्याचा खर्चही वाचतो. जिन्याला दार असावे, म्हणजे एका विभागाची हवा दुसऱ्यात जात नाही.

हिवाळ्यात सारे घर तापवायची गरज नाही, एक खोली पुरे. गरम-थंड दोन्ही करणारे इन्व्हर्टर यंत्र एक हिस्सा विजेवर साधारण तीन हिस्से ऊब देते. साधा हीटर एकाला एकच देतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्या वायूला वास नसतो, आणि झोपेत माणसाचा जीव जातो.

बिलाचा हिशेब

ताशी दीड युनिट घेणारी तीन यंत्रे आठ तास सतत चालली तर ३६ युनिट होतात. त्यातले फक्त गरजेचे एक चालवले तर १२. महावितरणचा घरगुती दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून वाचलेली युनिटे सर्वांत महागड्या टप्प्यातली असतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४ अंशांवर लावूनच येतात. तिथेच राहू द्यावीत.

दुकानदाराकडे जाण्याआधी एक काम करा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारी तीन साधी मापके आणा, तीन खोल्यांत ठेवा आणि आठ दिवस सकाळ-दुपार-रात्र आकडे वहीत उतरवा. उधारीची नोंद आपण चुकवत नाही, ही नोंदही चुकवू नये. कोणत्या खोलीला गारवा हवा, कोणत्या खोलीला कोरडेपणा आणि कुठे नुसता पंखा पुरेल, हे ती वही सांगेल. यंत्र त्यानंतर घ्यावे.