पैसे शाळेला नाही, पालकांना! अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांची गोष्ट

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. समजा, तुम्ही कर भरता, त्यातून सरकारी शाळा चालतात. पण तुमची मुलगी जाते चर्चच्या शाळेत, आणि तिथली फी वेगळी. म्हणजे एकाच शिक्षणाचे दोनदा पैसे! तिथले कॅथलिक बिशप म्हणतात, हा अन्याय आहे. मुलांना कुठे शिकवायचं हे पालक ठरवणार असतील, तर पैसाही त्यांच्या मागे गेला पाहिजे.

हे भांडण आजचं नाही. 1840 च्या दशकात तिथल्या सरकारी शाळांत प्रोटेस्टंट पद्धतीचं बायबल वाचून घेत. आमच्या मुलांना आमचं बायबल वाचू द्या, असं कॅथलिकांनी म्हटलं आणि त्यावरून वातावरण इतकं तापलं की 1844 मध्ये फिलाडेल्फियात दंगली होऊन चर्च जाळली गेली. मग त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्यांना सरकारी पैसा मिळू नये म्हणून 1875 मध्ये जेम्स ब्लेन यांनी घटनादुरुस्ती आणली. ती सिनेटमध्ये पडली, पण अनेक राज्यांनी तसंच कलम आपापल्या घटनेत घातलं. ऑरेगन तर आणखी पुढे गेलं. 1922 मध्ये सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती! नन्सची एक संस्था कोर्टात गेली आणि 1925 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. निवडीचा हक्क मिळाला. पैसा मात्र नाही.

आता खरी गंमत बघा. इतकी वर्षं या शाळा पैशाशिवाय चालल्या कशा? नन्सच्या जिवावर! त्या जवळपास फुकट शिकवायच्या. 1960 च्या दशकात या शाळांत 50 लाखांहून जास्त मुलं होती. मग नन्स होणाऱ्या मुलीच कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांना एकामागून एक टाळं लागलं. आज मुलं उरलीत 17 लाखांच्या आसपास. त्यामुळे बिशप मंडळी तत्त्वाची भाषा करतात ती खरीच, पण शाळा वाचवायची घाईही त्यात आहे, हे माझं मत.

तोडगा निघाला व्हाउचरचा. सरकार पैसे शाळेला देत नाही, पालकांना देतं. शाळा पालक निवडतात. क्लीव्हलंडची अशी योजना 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी वैध ठरवली. 2020 मध्ये माँटानाच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, खासगी शाळांना मदत देणार असाल तर केवळ धार्मिक आहे म्हणून एखाद्या शाळेला वगळता येणार नाही. झालं, ब्लेनवाल्या कलमांची धारच गेली.

आणि जुलै 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, बिशपांच्या पाठिंब्याने. स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेला 1,700 डॉलरपर्यंत देणगी द्या, तेवढाच तुमचा कर कमी. सुरुवात 2027 पासून, आणि योजनेत यायचं की नाही हे प्रत्येक राज्य ठरवणार.

विरोधकांचं म्हणणंही हलकं नाही. मुलं गेली की सरकारी शाळेचा निधी घटतो, पण इमारत, बस, शिक्षक यांचा खर्च तेवढाच राहतो. शिवाय खासगी शाळा प्रवेश नाकारू शकते, सरकारी नाही. खेड्यात तर दुसरी शाळाच नसते, मग निवडायचं काय? आणि या नव्या कायद्यात त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या तिप्पट कमाई असलेलं कुटुंबही पात्र आहे. याला गरिबांची योजना कसं म्हणायचं? मला हा मुद्दा सगळ्यात जड वाटतो. नोव्हेंबर 2024 मध्ये केंटकी, नेब्रास्का आणि कोलोरॅडो, तिन्हीकडे मतदारांनी शाळानिवडीच्या बाजूच्या विरोधात कौल दिला होता.

आपल्याकडे मात्र कित्येक कॉन्व्हेंट शाळा अनुदानित आहेत, शिक्षकांचा पगार सरकार देतं, आणि अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थांशी भेदभाव करू नये असं घटनेच्या कलम 30 मध्येच आहे. तुमच्यातले कुणी अशा शाळेत शिकले असाल, तर कॉमेंटमध्ये सांगा: तुमच्या घरच्यांनी ती शाळा का निवडली होती?