योजनेची पारख कशी करावी?



वर्तमानपत्र उघडावे तो एखाद्या लोकोपयोगी योजनेची वार्ता त्यात असतेच. अमुक जिल्ह्यात इतक्या विहिरी खोदल्या, तमुक शहरात इतक्या बालकांना पौष्टिक आहार दिला, इतक्या शाळांना पुस्तके वाटली आणि या सर्वांवर इतके कोटी रुपये खर्ची पडले. आपण तो मजकूर वाचतो, समाधान पावतो आणि पान उलटतो. परंतु त्या विहिरींच्या पाण्याने कोणाचे शेत भिजले काय, त्या आहाराने बालकांची प्रकृती सुधारली काय आणि ती पुस्तके मुलांना वाचता तरी आली काय, या प्रश्नांची उत्तरे त्या वार्तेत क्वचितच सापडतात. ती उत्तरे कोणत्या रीतीने शोधावीत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी पडलो शाळामास्तर. तेव्हा उदाहरणे बहुतेक शाळेतलीच येतील, याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

या विषयात देखरेख आणि मूल्यमापन असे दोन शब्द वारंवार येतात आणि पुष्कळदा ते एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. समजा, घरातील अशक्त मुलाला रोज पेलाभर दूध द्यावयाचे ठरले. दूध वेळेवर आले काय, त्यात पाणी तर नव्हते ना आणि ते मुलाच्याच पोटात गेले की मांजराच्या, हे गृहिणी रोज पाहते. ही झाली देखरेख. सहा महिन्यांनी मुलाचे वजन दोन किलोंनी वाढलेले दिसले. आता ही वाढ दुधाची की वयाची? मूल वाढत्या वयाचेच असते. दूध दिले नसते तरी ते थोडेफार वाढलेच असते. त्या वाढीतून आपोआप झालेली वाढ वजा करून दुधाच्या पदरात नेमके काय टाकावयाचे, हे ठरविणे म्हणजे मूल्यमापन. देखरेखीस चोख हिशेब आणि सावध डोळे पुरतात. मूल्यमापनास याशिवाय तुलनेसाठी दुसरे मूल लागते, आणि सारी अडचण तेथेच आहे.

देखरेखीविषयी थोडेच सांगतो. ज्याच्या कामाची तपासणी व्हावयाची त्यानेच आकडे भरावयाचे, अशी पद्धत असली म्हणजे आकडे फुगतात. त्यात नेहमी लबाडीच असते असे नाही; परंतु पटावरील संख्येवर शिक्षकांची पदे आणि अनुदान अवलंबून असल्यावर त्या संख्येस आपोआप बाळसे चढते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाप्रमाणे शाई लावण्यात आली. तेव्हा पटावर नावे असलेली सुमारे वीस लाख मुले प्रत्यक्षात दिसली नाहीत. त्यांतील काही खरोखरच आजारी किंवा परगावी असतील. तरीही हा आकडा लहान नव्हे.

पट खरा निघाला, तरी मुलाला काय येते हा प्रश्न उरतोच. मी माझ्या नोकरीत मासिक पत्रके शेकड्यांनी भरली. त्यांत मुलांच्या संख्येचा, हजेरीचा, खडूच्या पेट्यांचा, किंबहुना मोडक्या बाकांचाही रकाना असे. ‘किती मुलांना वाचता येते’ असा रकाना मात्र मी कधी पाहिला नाही. ही उणीव ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ या पाहणीने भरून काढण्याचा यत्न केला. तिची रीत साधी आहे. पाहणी करणारे स्वयंसेवक खेड्यांत मुलांच्या घरी जातात. कारण शाळेत पाहणी केली तर शाळेत न येणारी मुले निसटतात. मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या योग्यतेचा लहानसा उतारा आणि दुसरीच्या योग्यतेची गोष्ट ठेवतात आणि त्याला कोठपर्यंत वाचता येते हे टिपून घेतात. भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, असे या पाहण्यांत वारंवार आढळले आहे. पाच वर्षे जे मूल पटावर ‘हजर’ आहे, त्याला आपल्या आईला आलेले पत्र वाचून दाखविता येत नाही, असा याचा अर्थ आहे.

आता मूल्यमापनाकडे वळू. यातील अडचणीचा उत्कृष्ट धडा स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात १९३० साली मिळाला, आणि योगायोगाने तोही दुधाचाच होता. शाळेत दूध दिल्याने मुलांची वाढ होते काय, हे पाहण्यासाठी तेथील ६७ शाळांतील वीस हजार मुले निवडण्यात आली. त्यांतील दहा हजारांना फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज पाऊण पिंट, म्हणजे सुमारे सव्वाचारशे मिलिलिटर दूध दिले. उरलेल्या दहा हजारांना दिले नाही. आरंभी आणि अखेरीस सर्वांची उंची व वजन मोजले. एवढा भव्य प्रयोग तोवर क्वचितच कोणी केला असेल! दूध पिणारी मुले अधिक वाढली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

परंतु पुढच्याच वर्षी विल्यम गॉसेट यांनी या प्रयोगावर टीका लिहिली. हे गृहस्थ गिनेस यांच्या मद्याच्या कारखान्यात नोकरीस असून ‘स्टुडंट’ या टोपणनावाने संख्याशास्त्रावर लेखन करीत. त्यांनी दाखविले ते असे. कोणाला दूध द्यावयाचे हे प्रथम चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या अनुक्रमाने ठरे. मात्र एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा कृश मुले प्रमाणाबाहेर आली, तर ती बदलून दोन्ही गट सारखे करण्याची मुभा होती. शिक्षकांनी काय केले असेल? समोर एक गोंडस, भरल्या घरचे पोर आणि शेजारी एक फिकट, हाडे दिसणारे पोर. दूध कोणाला द्यावे, याचा निर्णय कोणताही शिक्षक त्याच क्षणी करील. मीही तेच केले असते. परिणाम असा झाला की, दूध न मिळालेल्या गटातील मुले आरंभापासूनच वजनाने सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीने सुमारे चार महिन्यांच्या वाढीने पुढे होती. तुलना समान मुलांची राहिलीच नाही.

याहूनही सूक्ष्म दोष गॉसेट यांनी दाखविला. मुलांचे वजन अंगावरील कपड्यांसह होत असे. फेब्रुवारीत तेथे कडक थंडी, तर जूनमध्ये उन्हाळा. सुखवस्तू घरचे मूल हिवाळ्यात जाड लोकरी कपडे घालून येई आणि जूनमध्ये ते उतरवून येई. तेव्हा त्याच्या खऱ्या वाढीतून कपड्यांचे वजन वजा होई. गरिबाच्या मुलाला हिवाळ्यातही जाड कपडे नव्हते, म्हणून त्याच्या वजनातून फारसे काही वजा होत नसे. दूध अधिक गरिबांना मिळाले असल्यास, कपड्यांमुळे पडलेला हा फरक दुधाच्या नावे जमा झाला! वीस हजार मुले मोजण्यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्याव्यात आणि प्रत्येक जोडीत दूध कोणाला द्यावयाचे हे नाणे उडवून ठरवावे. याने खर्च अल्प येऊन उत्तर अधिक विश्वसनीय मिळेल, असे त्यांनी सुचविले. संख्या मोठी असली म्हणजे पुरावा भक्कम, या समजुतीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

येथे कोणी विचारील की, चिठ्ठ्या टाकून काही मुलांना लाभ द्यावयाचा आणि इतरांना नाही, हे न्यायाचे आहे काय? आक्षेप रास्त आहे. त्यावर एक सुंदर तोड वडोदऱ्याच्या नगरपालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात निघाली. तेथे आणि मुंबईत ‘प्रथम’चा ‘बालसखी’ हा उपक्रम चालू होता. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि त्यांना वाचन व अंकगणित पायापासून शिकवी. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पारख केली. वडोदऱ्यात चिठ्ठ्यांच्या न्यायाने निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली आणि निम्म्यांना चौथीसाठी; दुसऱ्या वर्षी त्यांची अदलाबदल केली. कोणतीही शाळा रिक्तहस्त राहिली नाही, आणि तरीही बालसखी असलेल्या तिसरीची तुलना बालसखी नसलेल्या तिसरीशी करता आली. शिवाय निवड चिठ्ठीने झाल्यामुळे मास्तरांच्या दयाळूपणाला आत शिरण्यास वाव उरला नाही.

या पाहणीचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. शंभर मुलांना गुणानुक्रमे रांगेत उभे केले, तर बरोबर मध्यावरचे मूल सुमारे अकरा जणांना मागे टाकून पुढे जाईल, इतकी सरासरी वाढ झाली होती. आणि ती मुख्यत्वे तळाच्या मुलांत झाली होती. मागे पडलेली मुले बाहेर गेल्याने वर्गातील गर्दी घटली. तेव्हा मागे राहिलेल्यांचाही लाभ होईल, असे आपणांस वाटते. तसा लाभ दिसला नाही. हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. वर्गातील दाटीला आम्ही मास्तर मंडळी सदैव दोष देत आलो. परंतु येथे उपयोग झाला तो मुलाला जेथे अडले आहे तेथून शिकविण्याचा. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते दारिद्र्यनिवारणाच्या उपायांची अशा प्रयोगांनी पारख केल्याबद्दल.

या अभ्यासकांनी आणखी एक काम केले, जे योजना चालविणाऱ्यांना बहुधा आवडत नाही. उपक्रम संपून वर्ष लोटल्यावर त्यांनी मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. तेव्हा रांगेतील ती अकरा जणांची आघाडी चारांवर आलेली दिसली. मिळविलेले सारे गेले नव्हते. पण पुष्कळसे ओसरले होते. वर्षअखेरीसच हिशेब मिटविला असता, तर ही गोष्ट कोणास कळली नसती.

आपणांपैकी अनेकजण यथाशक्ति अशा कार्यांस वर्गणी देतात. पुढील वेळी छापील अहवाल हाती येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी शोधून पाहाव्यात. माप लाभार्थ्याचे घेतले आहे की वाटलेल्या वस्तूंचे? ज्यांना लाभ मिळाला नाही अशा तशाच मुलांशी तुलना केली आहे काय, आणि ती मुले कोणी निवडली? काम थांबल्यावर पुन्हा कोणी पाहून आले काय? उत्तर अहवालात नसल्यास संस्थेच्या चिटणिसांना एक पत्र टाकावे; प्रामाणिक संस्थेला असे पत्र आल्याचे वाईट वाटत नाही.