‘हात लावू नका’ नव्हे, ‘हात लावून बघा’! मुलांचं म्युझियम म्हणजे नेमकं काय आणि धाराशिवमध्ये ते कसं असू शकतं?

शाळेची सहल संग्रहालयात पोहोचली की पहिली सूचना ठरलेली असते : ‘कशालाही हात लावायचा नाही.’ मग मुलं रांगेत काचेची कपाटं बघतात, पाट्यांवरची माहिती वहीत उतरवतात आणि बाहेर येऊन डबा खातात. घरी आल्यावर ‘काय पाहिलं?’ विचारलं, तर पटकन आठवतो तो बसचा प्रवास.

मुलांसाठीच्या इंटरॅक्टिव्ह म्युझियममध्ये हा नियम उलटा असतो. पण असं म्युझियम फक्त मुंबई-पुण्यातच होऊ शकतं का? समजून घेऊया.

इंटरॅक्टिव्ह म्हणजे टचस्क्रीन का?

नाही. बटण दाबलं आणि व्हिडिओ सुरू झाला, एवढ्याने म्युझियम इंटरॅक्टिव्ह होत नाही. मुलाने काही बदल केला की समोरचा परिणामही बदलला पाहिजे. उतारावरून गोटी सोडायची, मग उतार वाढवून पुन्हा सोडायची. फरक का पडला, हा प्रश्न मुलाला स्वतःला पडला की त्या वस्तूचं काम झालं.

ही कल्पना आली कुठून?

जगातलं पहिलं बालसंग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८९९ साली सुरू झालं. ‘हात लावून शिका’ या पद्धतीला मोठी ओळख मिळाली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममुळे. १९६९ साली ते सुरू करणारे फ्रँक ओपनहायमर हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. राजकीय संशयामुळे विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा फ्रँक यांनी कोलोरॅडोतल्या एका छोट्या गावात गुरं पाळली आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगांसाठी लागणारे सुटे भाग ते मुलांना घेऊन भंगारातून शोधून आणायचे. म्हणजे या जगप्रसिद्ध म्युझियमची मुळं एका गावातल्या शाळेत आहेत.

महाराष्ट्रातही उदाहरणं आहेत. पुण्यात ‘आयुका’च्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिकाम्या बाटल्या, आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी बनवली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र म्युझियम उघडलं.

मग धाराशिवकडे काय आहे?

सगळ्यात आधी तेर. धाराशिव तालुक्यातलं हे गाव म्हणजे सातवाहन काळातलं ‘तगर’ नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे शहर, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जातं, असं त्यात म्हटलं आहे. तिथून पुढे रोमपर्यंतचा समुद्रमार्ग होता.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि परिसरात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या. त्यांच्याच नावाने इथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या असा तो ठेवा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तू काचेमागेच हव्यात, याबद्दल वादच नाही. पण त्यांच्या प्रतिकृती मुलांच्या हातात देता येतात. तेरच्या अनेक मूर्ती दोन साच्यांत माती दाबून बनवलेल्या आहेत. साचा आणि मातीचा गोळा दिला, तर सहावीतली मुलगी दहा मिनिटांत ते तंत्र स्वतः करून बघेल.

मुलांच्या घरातलाच दुसरा विषय

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूरसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली उमरगा-लोहारा भागातली गावंही उद्ध्वस्त केली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आजच्या शाळकरी मुलांना हे आजी-आजोबांकडून ऐकून माहीत आहे. पण एवढी माणसं का गेली, हे किती जणांना माहीत आहे?

त्याचं मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

हे मुलांना समजावणारं यंत्र अगदी साधं आहे. चाकांवरची एक फळी आणि ती हलवायला हँडल. वर दोन छोटी घरं : एक नुसते दगड रचलेलं, दुसरं चारही भिंती पट्ट्याने बांधलेलं. हँडल फिरवलं की पहिलं आधी पडतं. ज्या जिल्ह्याने हे भोगलं, तिथल्या मुलाने मोठेपणी घर बांधताना काय विचारायचं, हे त्याला या फळीवर कळेल.

अडचण पैशांचीच आहे का?

फक्त पैशांची नाही. मुलं वस्तू वापरतात, म्हणजे त्या मोडणारच. उद्घाटनाच्या दिवशी सगळं चालतं, खरी परीक्षा नंतर असते. म्हणून यंत्रं अशी हवीत की गावातला वेल्डर, सुतार किंवा आयटीआयचा विद्यार्थी दुरुस्त करू शकेल. मुलांशी बोलणारी, उत्तर लगेच न सांगणारी माणसंही हवीत. दुरुस्ती आणि माणसं यांची तरतूद इमारतीआधी व्हायला हवी.

इमारत नसेल तर? कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्येच गावोगाव फिरणारं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं होतं. धाराशिव निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि इथली अनेक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर जातात. ज्या मुलांना सहलीची वर्गणी परवडत नाही, त्यांच्यापर्यंत म्युझियमनेच जायला हवं.

तोवर काय करता येईल?

तेरला जाताना मुलांना वहीऐवजी एक प्रश्न द्या : ‘यातलं रोज वापरायचं काय आणि फक्त हौसेचं काय?’ गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून एक कच्चं आणि एक भाजलेलं मडकं आणा आणि मुलांना दोन्हींवर टिचकी मारायला लावा. तेरचे संत गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं हे सांगत, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. आवाजात फरक का पडतो, हे मात्र त्याला अजून शोधायचं आहे.