३०० नेमटॅग एकेक टाइप करताय? थांबा, ‘मेल मर्ज’ वापरा

संमेलन असो की शिबिर, आदल्या रात्री नेमटॅग तयार करण्याची धावपळ ठरलेली. त्या घाईत ‘कुळकर्णी’चे ‘कुलकर्णी’ होते आणि पाहुण्याला दिवसभर चुकीचे आडनाव छातीवर लावून फिरावे लागते. संगणकावरील एमएस वर्डमधील ‘मेल मर्ज’ एक्सेलच्या यादीतील नावे थेट टॅगवर आणते.

आधी यादी नीट करा
- पहिल्या ओळीत नाव, गाव, क्रमांक अशी शीर्षके द्या. पुढे एका ओळीत एकच व्यक्ती.
- ‘००७’सारखे क्रमांक असतील तर तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर नुसता ७ उरतो.
- मराठी नावे युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधील नावे वर्डमध्ये अगम्य दिसू शकतात.

मग वर्ड उघडा
१. ‘मेलिंग्ज’मधील ‘स्टार्ट मेल मर्ज’मध्ये ‘लेबल्स’ निवडून टॅगचे माप ठरवा.
२. ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून एक्सेल फाइल जोडा.
३. पहिल्या चौकटीत ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने नाव, गाव बसवा. अक्षरांचा आकार इथेच ठरवा.
४. ‘अपडेट लेबल्स’ दाबा. हे राहिले तर पहिली चौकट सोडून बाकीच्या रिकाम्या राहतात.
५. ‘फिनिश अँड मर्ज’मधून ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडा. सगळे टॅग नव्या फाइलमध्ये तयार होतील.

छापण्यापूर्वी हे कराच
मेल मर्ज नावे तपासत नाही; यादीतली चूक जशीच्या तशी टॅगवर उमटते. म्हणून यादी आधीच सहभागींच्या ग्रुपवर टाकून नावे त्यांच्याकडूनच तपासून घ्या. एक पान साध्या कागदावर छापून ते टॅगच्या शीटवर धरून पाहा, मगच बाकीची छपाई सुरू करा.