कापूस शोधला तर कापूसच सापडावा

हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीवर उपाय करायचा. अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात ही शिफारस सर्वांना ठाऊक असते. पण शिफारशी बदलतात. चारही कृषी विद्यापीठांची दर वर्षी संयुक्त बैठक होते, तिथे नवे वाण आणि नव्या मात्रा मंजूर होतात. व्हॉट्सॲपवर मात्र जुन्या तक्त्याचा फोटोच फिरत राहतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. तेव्हापासून औषधाची अचूक माहिती हा वऱ्हाडात जिवाचा प्रश्न आहे.

अशी बदलती माहिती पुस्तिकेच्या रूपात ठेवण्यासाठी लिनक्सवर स्फिंक्स हे मोफत साधन मला सर्वांत योग्य वाटतं. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते पायथॉन या संगणकभाषेच्या माहितीपुस्तिकेसाठी लिहिलं आणि २००८ मध्ये खुलं केलं. पिकागणिक एक साधी मजकूर-फाइल लिहायची. पानं, अनुक्रमणिका आणि दुवे स्फिंक्स तयार करतं. फाइली गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्या, की कोणती मात्रा कधी बदलली, हे ओळीनिशी दिसतं. तयार संकेतस्थळ पेन ड्राइव्हवरून, इंटरनेटशिवायही उघडतं आणि त्यातला शोधही चालतो. रेंज नसलेल्या गावात याचं मोल मोठं आहे.

मांडणी अवघड नाही. उबुंटू-डेबियनच्या नव्या आवृत्त्या पायथॉनची साधनं 'पिप' या आज्ञेने थेट यंत्रणेत बसवू देत नाहीत, म्हणून आधी 'व्हेन्व' वापरून स्वतंत्र कप्पा करायचा. त्यात पिपने स्फिंक्स बसवायचं, 'स्फिंक्स-क्विकस्टार्ट' चालवून मोजक्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग 'मेक एचटीएमएल'. पानं तयार!

खरी अडचण पुढे येते. शोधसूची करताना स्फिंक्स पायथॉनच्या नियमाने शब्द वेगळे करतं, आणि तो नियम अक्षर व अंक ओळखतो, पण काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे 'कापूस'चे क, प, स असे तुकडे होतात. 'बोंडअळी'तून उरतात 'ब' आणि 'डअळ'. मराठी पुस्तिकेत शोध निकामी होण्याचं हे मूळ आहे. शब्द मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडणारा छोटा नियम स्फिंक्सला जोडता येतो. तो सूची करताना आणि ब्राउझरमध्ये शोधताना, दोन्हीकडे सारखाच हवा, नाहीतर जुळणी होत नाही.

एवढ्यानेही भागत नाही. 'कापूस' शोधणाऱ्याला 'कापसावर' असलेलं पान मिळत नाही, कारण प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो आणि स्फिंक्सजवळ मराठी शब्दांची रूपं ओळखणारा भाग नाही. त्यावर सध्या एकच खात्रीचा उपाय आहे: हाताने केलेली यादी. कापूस-कापसा, तूर-तुरी अशा जोड्या तर त्यात हव्यातच. शिवाय शिवारात ज्या नावाने माणूस शोधेल तेही हवं. वऱ्हाडातला शेतकरी 'पऱ्हाटी' लिहील, तेव्हा कपाशीचं पान उघडलं पाहिजे.